लोखंडी कूलर: ग्वाल्हेरात सोनं, बडोद्यात दुपारपुरता

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका कारागिराकडून पत्र्याचा कूलर करून घेतला. तो मला इतका आवडला की पंधरा दिवसांत बडोद्याच्या धाकट्या बहिणीलाही तसाच घ्यायला लावला. माझा कूलर गाण्याच्या खोलीत दुसरा उन्हाळा काढतोय. तिचा मात्र दुपारच्या चार तासांपुरताच चालतो. मापं तीच, पंखा तोच, आत भरायची घास, म्हणजे लाकडाची सालपटं, तीही मी इथूनच पाठवली होती. फरक हवेचा आहे. तो मला आधी कळला असता तर बहिणीचे साडेआठ हजार रुपये निव्वळ माझ्या शब्दावर गेले नसते. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला ते लागून राहिलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तू कशी आहे ते. जस्ताच्या पत्र्याचा चौकोनी खोका, १८ इंची पंखा, तीन बाजूंना काढता येणाऱ्या जाळ्या. जाळ्यांत लाकडाची बारीक सालपटं भरलेली असतात, त्यालाच आमच्याकडे घास म्हणतात. खाली ७० लिटरची टाकी. छोटा पंप पाणी वर चढवतो, वरच्या पन्हळीतून ते घासेवर झिरपत राहतं आणि पंखा बाहेरची हवा त्या ओल्या घासेतून ओढून खोलीत सोडतो. एवढंच यंत्र. बिघडण्यासारखं त्यात पंप सोडून काही नाही, आणि पंप चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळतो. प्लास्टिकच्या तयार कूलरांत पुठ्ठ्यासारखे मधमाशीच्या पोळ्याचे पॅड असतात. ते दोन-तीन वर्षं टिकतात, आमची घास दरवर्षी बदलावी लागते. तरी मला घासच बरी वाटते: स्वस्त आहे, आणि पाणी कुठे कमी झिरपतंय ते नुसत्या डोळ्यांना दिसतं.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मे महिन्यात दुपारी पारा ४४च्या आसपास जातो आणि पश्चिमेकडून लू, म्हणजे कोरडा तापलेला वारा, चालते. सूर्य रोहिणीत शिरला की २५ मेच्या सुमारास नौतपा लागतो, त्या नऊ दिवसांत भर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण ही गर्मी कोरडी. अंगाला घाम आलेला कळतच नाही, कारण तो येता येता उडून जातो. धुतलेला पंचा गच्चीवर वाळत घालावा आणि खाली येऊन चहा होईतो तो कडकडीत व्हावा. ओठ फुटतात, मुलांचा घोळणा फुटतो, माझ्यासारख्या गाणारीचा घसा सकाळपासून खरखरतो. तंबोऱ्याच्या खुंट्या आकसून सैल होतात आणि सरकन फिरतात, खडू लावून बसवाव्या लागतात. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाऊन सूर चढतो.

लहानपणी आमच्या वाड्यात दारांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या असत. आई दर तासाभराने त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि लू त्या ताटीतून आत येताना गार, वाळ्याच्या वासाची होऊन यायची. कूलर ही तीच ताटी, फक्त तिला पंखा आणि पंप जोडलेला. माठातलं पाणी गार होतं तेही याच न्यायाने. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. आपल्या अंगावरचा घामही तेच काम करतो. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम असली की पंखा नुसती गरम हवाच अंगावर मारतो, आणि शरीराला थंड व्हायला घामाची वाफ होणं हा एकच मार्ग उरतो. वाफ होणार की नाही, हे हवेत आधीच किती ओल आहे त्यावर ठरतं.

वाद्यांसाठी म्हणून माझ्याकडे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं काट्यांचं छोटं घड्याळ होतंच. कूलर आल्यावर मी त्याच्याशेजारी काचेचा साधा तापमापक टांगला, त्याच्या फुग्याला कापसाची ओली वात गुंडाळली आणि वातीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. पंख्यासमोर धरलं की या ओल्या तापमापकाचा आकडा खाली उतरत जातो आणि एका जागी थांबतो. कूलर कितीही चांगला असला तरी त्या आकड्याच्या खाली हवा नेऊ शकत नाही. चांगली ओली घास असेल तर तो बाहेरच्या तापमानापासून त्या आकड्यापर्यंतचं साधारण चार पंचमांश अंतर कापतो. हा एवढा हिशेब मला आधी कळायला हवा होता.

मेमधली माझी एक नोंद अशी: दुपारी तीन वाजता ओसरीत ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के, ओला तापमापक २३. कूलरच्या तोंडाशी हवा २७-२८. खोलीत ३१ आणि आर्द्रता ५५ टक्के. बाहेरून आत आलेला माणूस दारातच थांबून श्वास घेतो. आणि गाणाऱ्या गळ्यासाठी तर ही ओलसर हवा एसीच्या कोरड्या हवेपेक्षा कितीतरी चांगली. माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुली दुपारी चार वाजता येऊन पाऊण तास पलटे (स्वरांचे सराव) घोटतात आणि कुणी खोकत नाही.

पाण्याचाही हिशेब मी ठेवला. मेमध्ये टाकी सात तासांत रिकामी होते, म्हणजे ताशी दहा लिटर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ताशी दहा लिटरचा हिशेब केला तर जवळजवळ दोन टनांच्या एसीएवढी उष्णता हा खोका हवेतून काढतो आणि वीज खातो २०० वॉटच्या आसपास. यातला बराचसा गारवा खिडकीतून बाहेर जातो हे खरं, पण तो जायलाच हवा. पहिल्या दिवशी मी एसीसारखी सगळी दारं-खिडक्या लावून बसले आणि तासाभरात खोलीची धोबीघाटासारखी अवस्था झाली. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं, ही त्याची पहिली अट आहे. विकणाऱ्याने ती सांगितली नाही. तुम्हाला कुणी कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दार लावायला सांगितलं तर ऐकू नका.

त्याने आणखी एक गोष्ट केली नाही, आणि ती जास्त गंभीर आहे. वायरला दोनच पिना होत्या. पत्र्याचा खोका, आत पाणी, आणि अर्थिंग नाही! मी हात लावला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. खोलीत सात-आठ वर्षांच्या मुली बसतात. त्याच संध्याकाळी वायरमन बोलावून तीन पिनांची वायर घातली, खोक्याला अर्थ जोडला आणि फळीवर ठेवला. पत्र्याचा कूलर घेताना सगळ्यात आधी हे पाहा, रंग आणि चाकं नंतर. पाणी भरतानाही प्लग काढूनच.

दर रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी करते, आतून काथ्याने घासते आणि सुकू देते. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. शिवाय पाणी उडून गेलं तरी त्यातले क्षार मागे राहतात. घासेवर पांढरे थर जमले की पाणी झिरपत नाही आणि कूलर अर्धा होतो. आवाज ही खरी तक्रार. पूर्ण वेगाला पंख्याची घरघर तंबोऱ्यावर येते, म्हणून शिकवताना मी तो मधल्या वेगावर ठेवते आणि रियाझाच्या आधी अर्धा तास पूर्ण वेगाने खोली गार करून घेते. तबला त्याच्या झोतापासून लांब, कोपऱ्यात. झोतात राहिला तर पुडी ओल धरते, सूर उतरतो आणि हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागतं.

आता बडोदा.

बहीण दांडिया बाजाराच्या बाजूला राहते. तिचं घर जुनं, भिंती जाड, उन्हाळ्यात बरं. ४१-४२ अंश तिकडेही होतात, म्हणून मी समजले की ग्वाल्हेरसारखंच. पण बडोद्याच्या पश्चिमेला खंबातचं आखात फार लांब नाही. दुपारी जमिनीवरचा वारा असतो तोवर हवा तशी कोरडी. ऊन उतरलं की नैऋत्येकडून समुद्राचा वारा पोचतो, पारा उतरतो आणि ओल चढते. गुजराती शेजारणी त्याला बफारो म्हणतात. मराठीत आपण उकाडा म्हणतो, पण तो शब्द नुसत्या उन्हालाही चालतो. बफारो हा खास या वाफेचाच शब्द आहे आणि अंगाला आल्याशिवाय कळत नाही.

मी मेच्या अखेरीस आठ दिवस तिच्याकडे होते, घड्याळ आणि वात बरोबर घेऊन. दुपारी दोनला बाहेर ४१ अंश, २८ टक्के, ओला तापमापक २६. कूलरच्या तोंडाशी २९. हे वाईट नाही, बहिणीच्या सासूबाई त्यासमोर छान झोपायच्या. रात्री नऊला मात्र बाहेर ३३ अंश, ६२ टक्के, ओला तापमापक २७. तोंडाशी हवा २८ निघत होती. म्हणजे दुपारपेक्षाही एका अंशाने गार! तरी खोलीत कुणी बसायला तयार नव्हतं. सासूबाईंच्या पाठीवर घामोळं उठलं, चादर ओली लागत होती, उशीला कुबट वास येऊ लागला. आकडा पाहून मी म्हणत होते की गार आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गार आहे, पण अंग सुकत नाही." त्यांचं बरोबर होतं. कूलर हवेला गार करतो ते तिच्यात ओल घालूनच. आधीच ओली असलेली हवा तो आणखी ओली करतो, आणि मग घामाला जायला जागाच उरत नाही.

तिथे मी पुन्हा बादल्या मोजल्या. दुपारी टाकीतून ताशी आठ-नऊ लिटर जात होते, रात्री साडेतीन. हीच माझ्या मते सगळ्यात सोपी परीक्षा आहे, त्याला घड्याळही लागत नाही. टाकीतलं पाणी झपाट्याने उतरत असेल तर कूलर काम करतोय. पाणी जिथल्या तिथे असेल तर तो फक्त आवाज करतोय आणि खोली कुबट करतोय.

आम्ही मग तिच्याकडे वेळ वाटून घेतली. सकाळी अकरा ते दुपारी साडेतीनपर्यंत पुढच्या खोलीत कूलर, पंपासह. त्यानंतर पंप बंद, नुसता पंखा, म्हणजे घास सुकते आणि वास येत नाही. रात्री झोपायच्या खोलीत एसी, २६ अंशांवर, वर छताचा पंखा हळू. लोक एसीला गारव्याचं यंत्र समजतात, पण विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याची पहिली मांडणी केली ती हवेतली ओल ताब्यात ठेवायला. ओलीने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसत नसत. बडोद्याच्या रात्रीला तेच हवं आहे: हवेतलं पाणी काढून नळीतून बाहेर सोडणारं यंत्र. बहिणीच्या एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली असते. ग्वाल्हेरच्या मेमध्ये तसं होत नाही.

डोंबिवलीला भाच्याकडेही एकदा मेमध्ये राहून आले. तिकडे पारा ३४च्या वर गेला नाही, आणि भाचा मला विचारायचा, "मावशी, तुम्ही ४४त जगता तरी कशा?" मी तिथे दिवसातून तीनदा साडी बदलत होते. आर्द्रता ६५ टक्के, ओला तापमापक २८च्या वर. तिथे कूलर घेऊच नका, दुकानदार काहीही सांगो. कोकणपट्टीत कूलर विकणाऱ्याने निदान ओल्या तापमापकाचा आकडा सांगून विकावा असं मला मनापासून वाटतं.

फोनवर हवामान पाहताना तापमानाशेजारी जो 'जाणवणारा' आकडा येतो तो आता मी आधी बघते. १९७९ साली रॉबर्ट स्टेडमन यांनी उष्मा आणि दमटपणा एकत्र मोजायची जी पद्धत मांडली, तिच्यावरून हीट इंडेक्स आला. त्याप्रमाणे ४४ अंश आणि १५ टक्के हे अंगाला ४३ सारखं लागतं. ३३ अंश आणि ७५ टक्के हे जवळजवळ ४६ सारखं! माझा स्वतःचा अनुभव नेमका हाच आहे. हे सावलीतले आकडे आहेत, उन्हात दोन्हीकडे त्याहून वाईट.

याचा अर्थ कोरडी गर्मी निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नका. लू लागून माणसं दगावतात. घाम दिसत नाही म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही. माझ्या वर्गात दर पाऊण तासाने मीठ-साखर घातलेलं पन्हं किंवा ताक असतं, आणि तहान नसली तरी प्यायचं हा नियम आहे. ओल्या गर्मीत धोका दुसरा. ओला तापमापक ३५ला पोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकत नाही, असा हिशेब शेरवूड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला. नंतरच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांनाही त्याच्या बऱ्याच खाली त्रास सुरू झालेला दिसला. वयस्कर माणसं घरात असतील तर या आकड्याकडे लक्ष ठेवाच.

ग्वाल्हेरातही कूलरची मुदत असते. जूनच्या अखेरीस पावसाची चाहूल लागते आणि हवा पालटते, इथले लोक तिला चिपचिपी गर्मी म्हणतात. मला ती सगळ्यात आधी तंबोऱ्यात कळते: मेमध्ये सरकणाऱ्या खुंट्या लाकूड फुगल्याने घट्ट बसतात, हार्मोनियमच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, तबला उतरलेला. गेल्या जुलैत ३३ अंश आणि ७५ टक्के होते तेव्हा ओला तापमापक २९ वर होता. कूलर जेमतेम तीन अंश उतरवत होता आणि टाकी दिवसभर पुरत होती. तेव्हा पंप बंद करून जाळ्या काढल्या आणि नुसता पंखा चालवला. तो दणदणीत वारा देतो, आणि ३३ अंशांचा वारा कातडीपेक्षा गार असल्याने अंगाला बराच लागतो. घास फेकून दिली, टाकी सुकवली, आत कडुलिंबाचा पाला घालून खोका झाकून ठेवला. या एप्रिलला काढला तेव्हा कुठे गंज नव्हता. जाळीच्या एका कोपऱ्याला मात्र डाग आलाय, तिथे रंग मारायचा आहे.

ग्वाल्हेर, आग्रा, झाशी, कोटा या पट्ट्यात राहत असाल तर मी हा कूलर डोळे झाकून घ्या म्हणेन, अर्थिंग तेवढं डोळे उघडे ठेवून बघा. इंदूर पठारावर आहे, पारा आमच्यापेक्षा कमी आणि मेची दुपार कोरडी, तिथे लहान कूलर पुरावा. बडोद्यात घर दिवसभर भरलेलं असेल, दुपारी म्हातारी माणसं आणि मुलं घरी असतील, तरच. रात्रीसाठी तेवढे पैसे एसीत घाला.

काल बहिणीचा फोन आला. यंदा तिकडे वारा लवकर फिरलाय. म्हणाली, "ताई, दुपारपासून टाकीत पाणी हललं नाहीये." मी तिला पंप बंद करून जाळ्या उन्हात ठेवायला सांगितलं. तिने त्या आधीच ठेवल्या होत्या.